धावपट्टीवरचा रोवणा

“बुडाली! तुझ्या लाडक्या दिराची कंपनी बुडाली!”

गोंदियाच्या बाजारातून परतलेल्या टिकारामने खांद्यावरची पिशवी ओसरीवर अक्षरशः फेकली आणि चुलीवरून भाताचा गंज उतरवणाऱ्या शामकलाचे हात जागच्या जागी थिजले... तापलेल्या गंजाचा चटका बोटांना बसत होता, पण तो तिला जाणवलाही नाही!

“कोनं सांगितलं?” तिने कसेबसे विचारले.

“सारं गोंदिया सांगून राहिलं! पेट्रोलवाल्यानं पेट्रोल बंद केलं, साहेब लोक कलकत्त्याले पळाले, विमानं जागच्या जागी उभी आहेत. ‘आपल्या देशाची कंपनी, आपल्या देशाची कंपनी’ म्हनत नाचत होता ना तो? घे आता!”

शामकलाने गंज खाली ठेवला. जमिनीचे काय, घराचे काय, लोक काय म्हणतील... यांतला एकही प्रश्न तिच्या ओठांवर आला नाही. तिच्या व्याकूळ अंतःकरणातून दोनच शब्द बाहेर पडले.

“अन् हिरालाल?”

“त्याचं नाव या घरात निंगालं नाई पायजे!” टिकाराम गरजला, आणि न जेवताच खळ्याकडे निघून गेला.

हिरालाल! टिकारामचा धाकटा भाऊ. शामकला सासरी आली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, आणि वर्षभरातच सासूने शेवटचा श्वास घेताना त्याचा इवलासा हात या कोवळ्या सुनेच्या हातात दिला होता. त्या हाताची ऊब तिच्या काळजात जी शिरली ती कायमची! पुढे तिला स्वतःची मुलगी झाली, प्रेमिला. पण हिरालाल तिचा थोरला लेकच राहिला. नागऱ्याच्या देवळाजवळून गोंदियाच्या शाळेकडे जाणाऱ्या त्याच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभी राहून पाहत असे, आणि तो मॅट्रिक झाला त्या दिवशी तिने साऱ्या टोल्याला, त्या लहानशा वस्तीला, गूळ वाटला होता.

देश स्वतंत्र झाला, आणि दुसऱ्याच वर्षी स्वदेश गगन कंपनीचे साहेब जीपमधून टोल्यावर आले. नागपूर आणि रायपूर यांच्या मध्ये, गोंदियाच्या व्यापाऱ्यांसाठी त्यांना विमानाचा एक थांबा हवा होता. गावची पडीत जमीन धावपट्टीसाठी पसंत पडली. पण एका टोकाला ती थोडी तोकडी पडत होती, आणि त्या टोकाला लागूनच शामकलाची बांधी होती. धानाचे हे शेत तिच्या वडिलांनी, बिसरामने, स्वतःच्या हाताने जंगल तोडून तयार केले होते आणि लेकीला आंदण दिले होते. साहेबांनी हिरालालला स्वच्छ सांगितले, “ही जमीन भाडेपट्ट्याने मिळवून दे, तुझी नोकरी पक्की!”

हिरालाल घरी एक शब्दही बोलला नाही. शेजारच्या धुरपताबाईकडून शामकलाला ते कळले, आणि तिने दिराला समोर बसवून विचारले.

“नोको वयनी!” तो कळवळून म्हणाला. “ते तुमच्या बाबाची निशानी होय. नोकरी गेली तं गेली.”

पण त्याच्या डोळ्यांत, आभाळाकडे वळणाऱ्या त्या तरुण डोळ्यांत, जी तळमळ होती ती तिच्यातल्या आईने वाचली! दुसऱ्याच दिवशी टिकाराम देवरीला बैल पाहायला गेलेला असताना तिने कागदावर अंगठा उठवला. टिकाराम परतला, त्याला कळले, आणि त्याच्या संतापाने घर हादरले. शामकला काही बोलणार, इतक्यात हिरालाल पुढे झाला...

“भाऊ, मीच मांगितली वयनीले. मीच हट्ट धरला.”

टिकारामने त्याच्या थोबाडीत मारली. हिरालालने ती मान खाली घालून सोसली, आणि मागीलदारी शामकलाला आपली शपथ घातली, “भाऊचा राग मले झेपते, वयनी. तुमच्या संसारात माती नोको पडाले. तुमी काई बोलसान तं मी मेलो!”

ती शपथ शामकलाच्या गळ्यात धोंड्यासारखी अडकली होती. टिकाराम उठता-बसता भावाला लोभी म्हणे, वयनीला फसवणारा म्हणे. आणि ती प्रत्येक शब्द गिळत राही...

तरीही पहिले विमान उतरले तो दिवस काय विसरण्यासारखा होता! आसपासची गावे बैलबंड्या जुंपून लोटली होती. धुरळा खाली बसला, आणि शामकलाने पुढे होऊन त्या विमानाच्या चाकाला कुंकू लावले. साहेब हसले. हिरालालच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळले होते.

मग हळूहळू सारे विस्कटत गेले. रोज येणारे विमान आठवड्यातून एकदा येऊ लागले, मग महिन्यातून कधीतरी. हिरालालची बदली नागपूरला झाली. कामगारांचे पगार थांबले. आणि आता हे...!

कंपनी मोडली तर जमीन परत, असा करार होता. त्याप्रमाणे जमीन परत आलीही. पण ती बांधी राहिली होती कुठे? हातभर मुरूम टाकून, रोलर फिरवून फिरवून तिचा श्वास कोंडून टाकलेला! तिच्यावर गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती. दिवाळी गेली, संक्रांत गेली; जमीन परत आली, पण हिरालाल परत आला नाही.

होळीच्या सुमारास गोंदियाचा व्यापारी चुन्नीलाल ओसरीवर येऊन बसला.

“देखो टिकारामजी, उस जमीन में अब धान तो होने से रहा. मले वीटभट्टीसाठी द्या. प्रेमिलाचं लगीन होऊन जाईल थाटात.” मग पान तोंडात सारत तो सहज बोलून गेला, “अरे हां, तुमच्या हिरालालले पाह्यलं मी नागपुरात. इतवारीच्या बाजारात पोते उचलून राहिला होता.”

दाराआड उभ्या असलेल्या शामकलाच्या काळजात कोणीतरी सुरी फिरवल्यासारखे झाले. मॅट्रिक झालेला तिचा हिरालाल... पाठीवर पोती! तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पण त्या अंधारातच एक निश्चय विजेसारखा लखलखला. तिने पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषाशी बोलायला ती ओसरीवर आली.

“जमीन माह्या बाबानं मले देल्ली आहे. ते इकाची नाई.”

“तिथं दगडं पिकवशीन काय वो?” टिकाराम ओरडला.

“एक रोवणा होऊ द्या,” ती शांतपणे म्हणाली. “एक पावसाळा. धान नाई उभा राह्यला, तं मी सोता अंगठा देईन.”

तिला पक्के ठाऊक होते, आपल्यामुळे वयनीची जमीन मेली या दुःखानेच तो पोर तोंड लपवून बसला आहे. ती बांधी पुन्हा जिवंत झाली, तरच तिचा लेक माणसांत येणार होता!

दुसऱ्या दिवसापासून शामकला कुदळ घेऊन धावपट्टीवर उभी राहिली. कुदळ मारावी आणि ती टणकन उडावी, असा तो मुरूम! दिवसभर खपावे तेव्हा पलंगाएवढा तुकडा सुटे. तो टोपल्यात भरून ती डोक्यावरून पडितावर नेऊन टाकी. तळहातांना फोड आले, फोड फुटले, त्यांतून रक्त वाहिले. तिने चिंध्या बांधल्या आणि पुन्हा कुदळ उचलली. येणारेजाणारे थांबून हसत. धुरपताबाई मात्र एक दिवस हसणे सोडून जवळ येऊन बसली.

“काऊन जीव देऊन राहिली, बाई? एकटीनं होते काय हे?”

“होईन तवा होईन,” शामकला म्हणाली, आणि उठली.

टिकाराम रोज त्या वाटेने जाई. थांबत नसे, बोलत नसे. पण त्याची पावले तिथे जड होत, हे तिला न पाहताही कळे.

चैत्रातल्या एका दुपारी ऊन रणरणत असताना ती खाली वाकलेली होती, आणि समोर कोणाची तरी सावली पडली. तिने मान वर केली. दाढी वाढलेली, गाल बसलेले, अंगावर कंपनीचाच फाटका खाकी सदरा...

“हिरालाल!”

त्याची नजर तिच्या हातांवरच्या रक्ताळलेल्या चिंध्यांवर खिळली होती. दुसऱ्याच क्षणी तो तिच्या पायांवर कोसळला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला.

“टोल्यावरचा मानूस भेटला... म्हने, तुही वयनी एकटी धावपट्टी खोदून राहिली. मले राहवलं नाई, वयनी! मी तुमची जमीन मारली... ज्या विमानाच्या चाकाले तुमी कुंकू लावलं होतं ना, ते विमान भंगारात गेलं. माह्या डोऱ्यांदेखत तोडलं त्याले! मी कोन्या तोंडानं येनार होतो?”

शामकलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण तिचा आवाज मात्र कापला नाही.

“रडनं झालं असन तं पाय सोड,” ती म्हणाली. “अन् कुदर धर!”

त्याने भिजलेला चेहरा वर केला, आणि त्याच वेळी मागून टिकारामचा आवाज कडाडला, “कोनाले इचारून आला रे तू?” हातातली बैल हाकायची काठी, तुतारी, उगारून तो धावत येत होता! हिरालालने मान खाली घातली, मार खायला सज्ज होऊन. पण तुतारी खाली येण्याआधीच शामकला दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“मारा! पन मले मारा!”

“सरक बाजूला! यानं फसवलं तुले, अन् तू—”

“वयनी, तुमाले माही शपथ आहे!” हिरालाल ओरडला.

“खूप पाळली तुही शपथ!” ती गरजली, आणि वर्षानुवर्षे कोंडलेला बांध फुटला. “आयका तुमी! यानं जमीन मांगितली नाई. ‘नोको वयनी’ म्हनून हात जोडले होते यानं. अंगठा मी उठवला, माह्या मनानं! माह्यावरचा तुमचा राग यानं आपल्या अंगावर घेतला, थोबाडीत खाल्ली, तुमच्या शिव्या खाल्ल्या, अन् मले बोलू देल्लं नाई... अन् मी अभागी, गप्प राह्यली!”

टिकारामच्या हातातून तुतारी गळून पडली. तो एकदा बायकोकडे पाही, एकदा भावाकडे. मग तो त्या उकरलेल्या मुरमावरच बसला.

“खरं होय काय रे?”

हिरालालने मान डोलावली. तो होकारच टिकारामच्या हृदयाला चिरत गेला... आईविना वाढलेला हा पोर... आणि आपण त्याला लोभी म्हणत आलो! टिकारामने हात पुढे केला, ज्या गालावर एकदा मारले होते त्या गालावरून तो फिरवला, आणि उठून चालू लागला. शामकला त्याच्या वाटेकडे पाहत राहिली. घरातून निघून तर गेला नाही ना?

सांजेच्या उन्हात बंडीच्या चाकांचा आवाज आला. टिकाराम बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, तळातला काळाभोर गाळ बंडीत भरून आणत होता! त्याने बैल थांबवले, बंडी उलटी केली, आणि खरवडलेल्या त्या उघड्या जमिनीवर गाळ पसरला.

“निसता मुरूम काहाडून धान येत नाई,” तो खाली पाहतच म्हणाला. “गार पायजे. उद्या धाकल्या, तू सोबत चल. दोघं असलो तं दुप्पट खेपा होतीन.”

मग तिघेही खपले. प्रेमिलाही आली, आणि नांगरट उरकलेले शेजारीही आले. आषाढात बांधीत पाणी तुंबले, चिखल झाला, आणि बायकांनी गाणी म्हणत धानाची रोपे लावली. विमाने उतरत होती त्या जागी रोवणा झाला! पीक विरळच आले, कणसे हलकी भरली. पण धान उभा राहिला होता. वीटभट्टीची गोष्ट चुन्नीलालने पुन्हा काढली नाही, आणि पुढच्या माघात प्रेमिलाचे लग्नही झाले, त्याच बांधीच्या तांदळाच्या अक्षता टाकून.

त्याच वर्षी सरकारने देशातल्या विमान कंपन्या आपल्या हाती घेतल्या, आणि अनुभवी म्हणून हिरालालला नागपूरच्या विमानतळावर बोलावणे आले. त्याने तो कागद बाजूला सारला.

“मी नाई जात, वयनी. एक डाव जाऊन पाह्यलं. आता जन्मभर तुमच्या बांधीत राबीन, तईच माहं पाप फिटन.”

टिकारामच्याही मनात भावाने राहावे असेच होते. शामकलाचे हृदय तर ‘राहू दे, राहू दे’ म्हणून आक्रंदत होते! कष्टाने परत मिळालेला लेक पुन्हा कोण दूर धाडील? क्षणभर तिने डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हते.

“मी अंगठा कायले उठवला होता रे? तू चिखलात उभा राहावा म्हनून? मानसं हारली होती, तुही विद्या हारली नाई! जाय. अन् या डावाले विमान उडलं की मान वर करून पाह्य.”

गोंदियाच्या फलाटावर गाडी उभी होती. हिरालाल आधी भावाच्या पाया पडला, मग वयनीच्या. आणि पायांवरून डोके उचलताना पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ‘वयनी’ हा शब्द निघालाच नाही.

“येतो, माय!”

गाडी हलली, दूर गेली, दिसेनाशी झाली. आयुष्यात कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेला टिकाराम चारचौघांत, पागोट्याचे टोक तोंडात धरून, ढसढसा रडू लागला. शामकलाने इकडेतिकडे पाहिले नाही. लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही. सगळ्यांदेखत तिने नवऱ्याचा हात आपल्या घट्टे पडलेल्या हातात धरला.

“चला,” ती म्हणाली, “बैल उपाशी असतीन.”