पावणेएकचा क्रॅश

"तिसऱ्यांदा गेली यादी! आता मी विहिरीतच उडी मारतो," गुरुवारी सकाळी कल्याण म्हणाला.

"बासष्टपैकी कोणत्या विहिरीत?" अंबरीनने विचारलं, पण तिलाही हसू आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघांनी पिंपळगाव रेणुकाईतल्या बासष्ट विहिरींचं पाणी मोजलं होतं, फोटो काढले होते. उद्याच्या ग्रामसभेत त्या यादीवरून गाळ काढायच्या तीन विहिरी ठरणार होत्या. अंबरीनच्या गल्लीतली विहीर त्यात आली, तर अम्मीचे भर उन्हातले हंडे वाचणार होते.

वाचनालयातला लिनक्स कॉम्प्युटर जुनाट. यादीला फोटो जोडायला त्याला तासभर लागायचा, म्हणून दोघं ते काम लावून जेवायला जायची. परत येऊन पाहावं तर मशीन चालू, पण यादी अर्धवट, उघडतसुद्धा नाही.

"मशीन स्वतःची डायरी ठेवतं. शाळेतल्या रूपाली मॅडमनी दाखवलं होतं," म्हणत अंबरीनने आज्ञा टाइप केली. पडद्यावर ओळी उमटल्या. सोमवार, पावणेएक, क्रॅश. मंगळवार, पावणेएक, क्रॅश. काल, बुधवारीही तेच.

"हे भूत घड्याळ बघून येतं की काय?" कल्याणने विचारलं.

"येऊ दे. आज आपण बघू त्याला."

साडेबाराला त्यांनी फोटोंचं काम लावलं आणि कपाटामागे दडून बसली. बरोबर पावणेएकला दार करकरलं. काखेत डबा घेऊन वाचनालयाचे शिपाई देवानंदकाका गुणगुणत आत आले आणि सरळ मेन स्विचकडे गेले.

"काका, थांबा!"

"आगं, जीव गेल्ता ना माझा," काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "जेवाया चाललो, मेन पाडून राह्यलो. आलो का चढवतो, मशीन आपसूक चालू व्हतं. मळ्यातली मोटार बी असीच बंद करतो. वीस वर्षांत एकदा जळली न्हाई."

अंबरीनचा राग नाकाच्या शेंड्यावर आला होता. पण काकांशी भांडलं की ते हटून बसतात, हे तिला ठाऊक होतं.

"काका, पळत्या बैलगाडीचं जू तुम्ही काढता का?"

"येडी का काय? आधी गाडी उभी करायची, मंग बैल सोडायचे."

"मग बघा ना, हे मशीन आत्ता बासष्ट विहिरी ओढतंय."

काकांचा स्विचवरचा हात हळूच खाली आला. "मला कुणी सांगितलंच न्हाई," ते ओशाळून म्हणाले, आणि तिथंच बाकावर त्यांनी डबा उघडला. भाकरी-ठेचा तिघांनी वाटून खाल्ला.

काम पुरं झालं. अंबरीनने काकांच्याच एका बोटाने 'शटडाऊन, पाच मिनिटांनी' अशी आज्ञा टाइप करून घेतली. मशीन बंद होणार आहे, आपापलं काम आवरा, असा संदेश पडद्यावर आला.

"हे तर दवंडी देऊन राह्यलं," काका खुश झाले. मशीनवरचा दिवा विझला, तेव्हाच त्यांनी मेन पाडला.

जरा वेळाने मेन चढवून मशीन पुन्हा सुरू केलं. बासष्टच्या बासष्ट विहिरी फोटोंसकट हजर होत्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातच, मशीनवर यादी उघडून ग्रामसभा भरली. तिसरं नाव अंबरीनच्या गल्लीतल्या विहिरीचं निघालं आणि मागे बसलेल्या अम्मीने पदराने डोळे पुसले. सरपंच सगुणाबाईंनी दोघांची पाठ थोपटली. "पोरांनो, गावाचं काम केलंत. चला, सभा संपली. बंद करा ते मशीन."

कुणीतरी प्लगला हात घातला.

"हात काढ," देवानंदकाका मध्ये उभे राहिले. "आधी गाडी उभी करू द्या."

चष्मा लावून ते एका बोटाने टाइप करायला बसले, आणि त्यांची पाच मिनिटं संपेपर्यंत अख्खी ग्रामसभा जागची हलली नाही.