उपासाच्या रात्री चरबीचा वास

कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तर टोकाला राहणारा आमचा ओरेस्ट हालाबुरा त्या रात्री तळघरात उतरला, तो फक्त फरशी नीट तापली का, एवढंच बघायला. जानेवारीची सहा तारीख. जुन्या पंचांगाप्रमाणे आम्हा युक्रेनी लोकांच्या नाताळची आदली रात्र. बाहेर उणे चौतीस. आणि पोरांनो, ओरेस्ट खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं लागतं.

त्याची आई स्टेफा ब्याऐंशीची, पण जिना टकाटक उतरायची. तिचं वैर फक्त थंडीशी. घरात वर निजायची खोली एकच, म्हणून तळघरात तिच्यासाठी खोली बांधायचं चाललं होतं. "बर्फावर मी झोपायची नाही," तिनं बजावलं होतं. "फरशी गार लागली, तर नाताळ झाल्यावर सरळ वृद्धाश्रमात सोड."

घर स्वस्तात मिळालं त्याला कारण होतं. जुना मालक मेट्रो पाश्को ऐन हिवाळ्यात तळघरात मेला आणि वसंतात सापडला. सिमेंटवर त्याचा डाग राहिला होता. माणसाएवढा, मधे पिवळा, कडांना तपकिरी. ओरेस्टनं तो घासला, खरवडला. पात्यावर मेणासारखं काहीतरी गोळा झालं. मग त्यानं नाद सोडला. डागावर फोमच्या जाड पाट्या अंथरल्या, सांधे टेपनं बंद केले, वर तापणाऱ्या तारा, त्यावर लाकडी फरशी.

"पाश्कोला पांघरूण घातलंस की रे!" मेव्हणा बोहदान म्हणाला. "आता भाडं लाव त्याला."

संध्याकाळी सगळे बिनमांसाचं उपासाचं जेवायला बसले. आईनं आधी खुर्चीवर फुंकर घातली. मेलेले त्या रात्री जेवायला येतात. न फुंकता बसलं, तर कुणाच्या तरी अंगावर बसणं व्हायचं. गव्हाच्या खिरीचा पहिला घास घेतला आणि तिनं नाक मुरडलं.

"उपासाच्या दिवशी डुकराची चरबी कुणी वितळवली रे?"

"कुणी नाही, आई."

"मग काय माझं नाक सडलं?"

वास खालून येत होता. गोडूस, शिळा, टाळूला चिकटणारा.

ओरेस्ट खाली गेला. फरशी छान ऊबदार होती. फक्त आईसाठी मांडून ठेवलेल्या पलंगापाशी एक पट्टा गार. माणसाएवढा. तार तुटली की काय? हातापेक्षा पाठीला नीट कळतं, म्हणून तो तिथं आडवा झाला.

"फुंकर घातलीस का?" वरून आई ओरडली.

"फरशीवर कोण फुंकतं, आई!"

फरशी मऊ लागली.

लाकूड... मऊ?

थंडगार मांसाची गादी असावी, तशी. ती पाठीखाली हलली. मग हळूहळू... ऊब धरू लागली.

कानाशी कुणीतरी श्वास सोडला. लांब. सुखाचा.

छाती आवळली. उठता येईना...

"ओरेस्ट?"

...

"ओरेस्ट, अरे गाढवा!"

आईच्या हाकेनं तो सुटला. सुटताना चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज झाला. तो वर आला. आईनं नाकाला पदर—आपला तो डोक्याचा रुमाल—लावला. स्वतःच खालच्या फरशीच्या तारांचं बटण बंद केलं.

तेव्हापासून वरच्या खोलीत आई झोपते आणि ओरेस्ट स्वयंपाकघरातल्या बाकावर. वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा निघालं नाही. तळघराला कुलूप.

त्याचा सदरा मी पाहिलाय. तुम्ही म्हणाल, तेलकट डाग पाठीवर असणार. पाठ कोरडी आहे. डाग पुढे आहेत, छातीवर. दहा बोटांचे. मागून मिठी मारल्यासारखे.

उकळत्या पाण्यातून कितीदा काढला. अजून चिकट आहे.