पाच व्होल्ट कोण खातंय

ही घटना खरी आहे. माझ्या बाबतीत घडलेली.

अडचण एवढीच, की मी जन्मभर विनोदी लिहून पोट भरलं. त्यामुळे मी गंभीर चेहऱ्याने काही सांगायला लागलो, की समोरचे आधीच हसून घेतात. हसा. मला काही वाटणार नाही. दादा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

रविवार होता. भर दुपार, लख्ख ऊन. भुताच्या गोष्टीला रात्र लागते हे मलाही माहीत आहे. पण संध्याकाळनंतर मी घराबाहेर पडत नाही. त्यामुळे जे काही करायचं ते समोरच्याला माझ्या सोयीने करावं लागलं.

जागा, दादाची मागची खोली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले. म्हातारपणी त्याने एक किट मागवलं. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. सुटे भाग येतात, घरी बसून जोडायचे. डबी जवळजवळ पूर्ण झाली. मग दादा झाला.

पूर्ण, म्हणजे.

डबी टेबलावर राहिली. सगळं जागच्या जागी, फक्त तिचं पॉवर मॉड्यूल नाठाळ. हे मॉड्यूल म्हणजे बोटभर पट्टी. तिने घरातली वीज घ्यायची आणि डबीला मोजून पाच व्होल्ट द्यायचे. बाकी तिला काही काम नाही. पण ती तेवढंही करत नव्हती.

आणि वहिनी हटून बसल्या होत्या.

"ती वाजल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मागच्या महिन्यात त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. सकाळी पडल्या, दुपारी शेजारणीने दार तोडायला लावलं तेव्हा सापडल्या. मुलगी त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. तिने मला फोनवर झाडलं.

"काका, ती डबी एक तर दुरुस्त करा, नाही तर तिच्यात हातोडा घाला. पुढच्या वेळी आई सापडायची नाही."

म्हणून मी गेलो. मला यातलं कळतं असं नाही. लहानपणी दादा दुरुस्ती करायचा आणि मी बॅटरीचा उजेड धरायचो, एवढाच माझा अनुभव. शिवाय एक नियम पाठ होता. चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही हात लागले तर वीज एका हाताने शिरते आणि दुसऱ्याने निघते, आणि वाटेत काळीज असतं.

माझ्या चड्डीला खिसा नसायचा. मग दादा माझा डावा हात धरून आपल्या पँटच्या खिशात कोंबायचा. आत स्क्रू असायचे, तारेचे तुकडे, खिशाच्या तळाशी साचतो तो मऊ कचरा. दुरुस्ती संपेपर्यंत हात बाहेर काढायची परवानगी नाही.

असो.

मी टेबलाशी स्टूल ओढून बसलो. मॉड्यूल डबीपासून सोडवलं. प्लग लावला. व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन्ही सुया उजव्या हातातच धरल्या, चिनी लोक जेवताना काड्या धरतात तशा.

पाच.

बरोब्बर पाच. मी स्वतःवर खूश होतो न होतो तोच...

साडेचार.

चार.

तीन...

आकडा असा उतरतो कधी? कुणी तरी वीज ओढत असेल तेव्हा. नळ कुणी तरी उघडल्यावर टाकी उतरते, तसा. पण मॉड्यूलला मी काहीच जोडलं नव्हतं. पलीकडच्या टोकाला फक्त हवा होती.

मग ही वीज खातंय कोण?

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आत आल्या आणि दादाच्या खुर्चीवर टेकल्या.

साडेतीन...

चार...

पाच.

"झालं का हो, भावजी?"

"होतंय," मी म्हणालो.

कप ठेवून त्या बाहेर गेल्या. आकडा पुन्हा उतरला.

मी घाबरलो नाही. आठवून सांगतो, खरंच काही वाटलं नाही. फक्त डावा हात गार पडला होता. मांडीवर ठेवलेला होता, तसाच. मनगटापासून पुढे बधिर.

दुसऱ्या दिवशी मॉड्यूल फ्यूजकडे नेलं. फ्यूज म्हणजे दादाचा जुना दोस्त, कोपऱ्यावर दुकान आहे. फार पटकन उडतो, म्हणून हे नाव. त्याने सगळे सांधे भिंगाखाली घालून पाहिले, एक एक भाग तपासला, मॉड्यूल अर्धा दिवस चालू ठेवलं.

"काही झालेलं नाही याला," तो खेकसला. "पाच म्हणजे पाच. केसभर हलत नाही."

"दादाच्या टेबलावर उतरतं."

"मग टेबल आण दुरुस्तीला! आणि येताना स्वतःचं डोकंही आण, त्याचा सप्लाय बघतो."

मॉड्यूल पुन्हा दादाच्या टेबलावर आलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

पाच... चार... तीन...

मी काही वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मग वहिनींना हाक मारली.

"वहिनी, जरा बसता इथे?"

त्या बसल्या. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. आज वाटतं, का नाही विचारलं, हे मी विचारायला हवं होतं.

पाच झाले. मी मॉड्यूल डबीला जोडलं, डबी दादाच्या जुन्या स्पीकरला, आणि पुतणीने मोबाइलवर वहिनींचं आवडतं गाणं लावलं.

वाजलं. स्वच्छ. गाणारी बाई श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. पुतणी रडायला लागली. वहिनी रडल्या नाहीत. पदराखाली आपला डावा हात चोळत बसल्या होत्या.

गाणं संपलं.

"मी उठू?" त्यांनी मला विचारलं.

"उठा की."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्याच क्षणी मी बटण बंद केलं. आकडा उतरताना त्यांना दिसायला नको. उठल्यावर बंद पडतं हे कळलं असतं तर त्या त्या खुर्चीवरच राहिल्या असत्या, आणि मग पुन्हा कधी तरी न्हाणीघरात.

"झाली दुरुस्त," मी म्हणालो. "आता सामान भरा."

वहिनींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं. पण डबी इथे बंद घरात ठेवायची नाही. तुम्ही घेऊन जा."

"मी काय करू तिचं?"

"ऐका."

त्या गेल्या. घराला कुलूप लागलं. डबी मी स्पीकरसकट माझ्याकडे आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. इथे टेबल वेगळं, घर वेगळं, भिंतीतली वीजसुद्धा वेगळ्या तारेची. लावली. वाजली. मीटर लावून ठेवला होता. पाच. मी म्हटलं, चला, सुटलो.

पाणी प्यायला उठलो...

आवाज बारीक होत गेला. खोल विहिरीत उतरत जावा तसा.

परत येऊन बसलो.

आवाज वर आला.

बायको टेबल आवरत होती, तिने हे पाहिलं. डबी अडगळीत टाकू या, असं नाही म्हणाली. "आधी जेवून घ्या," म्हणाली.

काल वहिनींचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी टवटवीत वाटला.

"वाजतेय का हो डबी?"

"वाजतेय."



"म्हणजे समोर बसला आहात."

मी डाव्या हाताकडे पाहिलं.

"डावा हात गार पडतो," वहिनी म्हणाल्या, हवामान सांगावं तशा. "अंगावर शाल घेत जा. हात काढायचा प्रयत्न करू नका, मग जास्त घट्ट धरतात. काम संपलं की सोडतील."

"कधी संपतं?"

"ते मला कुठे सांगितलं त्यांनी! मला इथे झोप मात्र छान लागते बाई. ठेवते हं."

हे मी टेबलाशी बसून उजव्या हाताने लिहितोय. दुपार आहे. गाणं चालू आहे. मीटरवर पाच. आतून बायकोने दोनदा हाक मारली, "अहो, उठताय ना?"

भीती वाटत नाही. दुःखही नाही. डाव्या हाताला मनगटापासून पुढे आत्तापर्यंत काहीच जाणवत नव्हतं, आणि बाकीच्या माझंही फारसं वेगळं नाही.

फक्त एक गोष्ट.

मी पायजमा घातलाय. या पायजम्याला खिसा नाही, हे मी दोनदा पाहून घेतलं.

आणि माझ्या डाव्या हाताची बोटं आत्ता कापडाच्या आत आहेत. तळाशी मऊ कचरा आहे...

आणि एक लहानसा स्क्रू.