सोनसागचा भाव

माईक एकच होता आणि हात दोन. मुलुंडच्या हॉलमध्ये ‘सोनसाग टिंबर’ या लाकूड कंपनीची वार्षिक सभा भरली होती. बहुतेक भागधारकांचं लक्ष वेफर्स-समोशाच्या बॉक्सकडे होतं. गार्गीने प्रश्न विचारायला माईक ओढला, तर पलीकडून तोच माईक धरून एक हसरा चेहरा तिच्याकडे बघत होता.

“आधी तू विचार. पण बॉक्स संपायच्या आत हां!”

“समोशासाठी आलायस?”

“छे! मी सर्वेश. लोकांना हा शेअर विकायला सांगतो.”

गार्गीचं डोकंच फिरलं. घाटकोपरच्या ब्रोकरकडे वर्षभर दुसऱ्यांचे आकडे तपासल्यावर तिथल्या मृणालिनी मॅडमनी तिला पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने अहवाल लिहायला दिला होता. सोनसागचा शेअर स्वस्त आहे, घ्या, असं ती लिहिणार होती. चुकली, तर पुन्हा दुसऱ्यांचे आकडे! आणि हा कोण टिकोजीराव?

सभेनंतर कंपनीने सगळ्यांना भांडुपची वखार बघायला बोलावलं होतं. रिक्षा एकच मिळाली. ती दोघांनी वाटून घेतली, भांडणासकट. आपण मुलुंडची आणि हा आपला पहिलाच अहवाल, हे गार्गीने बसल्या बसल्या ठणकावून सांगितलं.

“अरे, नुसती वखारीची जमीन बघ ना! आजच्या दराने धरली तरी शेअरच्या दुप्पट किंमत निघते.”

“पक्की मुलुंडकर! गोडाऊन दिसलं की तुम्हाला लगेच टॉवर दिसतो.”

“मग चुकलं काय?”

सर्वेश हळूच म्हणाला, “जागा भाड्याची आहे गं... करार संपत आलाय. मागच्या सभेत मीच विचारलं होतं.”

वाट लागली! गार्गीचा चेहरा खर्रकन उतरला. पण क्षणभराने तिने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मला का सांगितलंस? मी तोंडावर आपटले असते, तर तुझंच खरं ठरलं असतं.”

“तुझं पहिलंच काम ना...” तो रस्त्याकडे बघत पुटपुटला. “मला नसतं बघवलं.”

त्याचे कान लाल झाले होते. गार्गीला तो आवडला, अगदी सरळ सरळ आवडला. आता तिला जिंकायचं होतं, आणि तेही त्याच्यादेखत.

वखारीत सागाचा वास भरून राहिला होता. फळ्यांच्या थप्प्या पार छपरापर्यंत गेल्या होत्या.

“बघ, माल पडून आहे,” सर्वेश म्हणाला. “कुणी घेत नाही.”

गार्गी मात्र थप्प्यांमधून फिरत होती. प्रत्येक थप्पीवर खडूने एकेक नाव लिहिलेलं.

“ही नावं कुणाची, काका?” तिने वखारीच्या दत्तारामकाकांना विचारलं.

“गिऱ्हाइकांची. साग वाळायला ठेवलाय, पण बुक झालाय सगळा. घेतला जुन्या भावात, देणार मात्र उचलतील त्या दिवसाच्या भावाने.”

गार्गी गर्रकन वळली. “ऐकलंस? वाळतोय तो, पडून नाहीये! कंपनीच्या कागदावर जुनाच भाव लागलाय, बाजारात तर साग केवढा महागलाय! आणि जागा गेली तरी साग कुठे जातोय? ट्रकात घालायचा की झालं!”

सर्वेश थप्पीकडे बघतच राहिला. “आयला... मी नावं वाचलीच नाहीत.”

तिने तिथूनच फोन लावला. “मॅडम, जमिनीच्या हिशोबात मी चुकले होते, तो काढून टाकतेय. तरीही ‘घ्या’ असंच लिहिणार... हो, पूर्ण खात्री आहे. खाली माझंच नाव घाला.”

“बाजाराला हे कळायला दोनेक वर्षं जातील,” सर्वेश म्हणाला.

“जाऊ देत. मला थांबता येतं.”

“एवढा धीर?”

“शेअरसाठी. तुझ्यासाठी नाही.” ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “मला तू आवडलायस, सर्वेश. तुझं काय ते आत्ताच बोल.”

“अगं... एवढ्यात? मला वाटलं, तू आधी अभ्यास करशील...”

“केला.”

सर्वेश खळखळून हसला. “मग ऐक. मलाही तू आवडलीयेस. आणि माझ्या लोकांना आता फोन करून सांगायचंय, की मी चुकलो.”

“कर ना. मी आहे इथेच,” गार्गी म्हणाली, आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.