शेजारची जागा

ट्रेनने जायचं की भाड्याची गाडी करायची, यावर तुमची मघापासून जुंपलीय म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट रात्रीच्या जेवणानंतर सांगण्यातली नाही. अरे, तो दिवा राहू दे तसाच. बसा.

माझ्या दुकानाला लागून एक कुलूपवाला आहे. किल्ल्या बनवतो, अडकलेली कुलपं उघडून देतो. स्वतःचं दुकान बंद केलं की मात्र चार पावलं पुढे जाणार, परत येणार आणि कुलूप ओढून बघणार. आम्ही चिडवायचो, "बाबा रे, तुझं कुलूप उघडायला तुझ्याइतका हुशार चोर आणायचा कुठून?" त्याची बायको हसायची नाही. तिला ते रोजचंच होतं.

त्या बाईला आयुष्यात एकच हौस. डोंगरापलीकडचा तलाव, गुहा, धबधबा, असं एकदा नवऱ्याबरोबर फिरून यायचं. आणि तेही ट्रेनने. हा म्हणायचा, भाड्याची गाडी घेऊ. झालं! दरवर्षी तेच.

"ट्रेन म्हणजे तिच्या वेळेवर आपण धावायचं. गाडी कशी, आपल्या मर्जीची. वाटेल तिथे थांबा."

"तुम्ही चालवायला बसलात की रस्त्याकडेच बघणार," ती म्हणायची. "मला खिडकी हवी, आणि शेजारी तुम्ही हवेत. मोकळ्या हातांचे."

बाईचं मागणं एवढंच. पण हा हट्टाला पेटलेला. वाद तिथेच राहिला, सहलही तिथेच राहिली. मग ती आजारी पडली. शेवटी शेवटी दवाखान्यात म्हणाली, "बरं, गाडीनेच जाऊ." आणि या शहाण्याला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं! संताप येतो मला अजून. त्याच आठवड्यात ती गेली.

वर्षभराने हा एकटाच निघाला. भाड्याची गाडी घेऊन! कुणाची जिरवायला, देव जाणे. तलाव पाहिला, गुहा पाहिल्या. जिथे जाईल तिथे दारावरचा माणूस विचारायचा, "एकटेच?" धबधब्यापाशीही तोच प्रश्न आला, तेव्हा त्याने धबधबा न बघताच गाडी वळवली.

मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेबारा. रस्ता रुळांना लागून जाणारा, आणि पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं. मागेपुढे एकही वाहन नाही. त्याने काच खाली केली. इंजिन चालूच ठेवलं.

ट्रेन आली. आवाज न करता. हळू झाली... थांबली.

सगळे डबे अंधारे. फाटकासमोरच्या एकाच डब्यात उजेड.

खिडकीत ती होती.

आजारातली नाही. लग्नानंतरची, भरल्या गालांची. शेजारच्या जागेवर रुमाल पसरलेला. नव्या नवलाईत ती अशीच गर्दीत पुढे घुसायची, रुमाल टाकून याची जागा धरायची, त्यासाठी लोकांशी भांडायची. तिने रुमालावर हात ठेवला. थोपटलं... ये, बस.

डब्याचं दार उघडंच होतं.

तो उतरला. फाटकाखालून वाकून गेला. दाराशेजारची दांडी धरली. दांडी गार होती. खरी होती. चढलो तर परत यायचं नाही, हे त्याला कळत होतं. आणि खोटं कशाला सांगू, त्याला यायचंही नव्हतं. एक पाय पायरीवर ठेवला...

आणि मनात आलं, गाडी उघडी आहे. किल्ली आतच आहे. परक्याची गाडी.

"आलोच हं," तो तिला म्हणाला. "एक मिनिट."

गेला. इंजिन बंद केलं. काच वर केली. गाडी लॉक केली. दार ओढून पाहिलं.

वळला.

रूळ मोकळे... फाटक वर.

...

नाही. ट्रेनचा जातानाही आवाज आला नाही.

खडीत तेवढा रुमाल पडला होता. पिळून काढावा इतका ओला. त्याने तो घरी आणला, दोरीवर वाळत घातला. हसू नका. सगळा उन्हाळा तो रुमाल दोरीवर होता. भर उन्हात. आम्ही शेजाऱ्यांनी इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली, पण वाळला नाही.

काल संध्याकाळी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने दोरीकडे बोट केलं. मी जाऊन हात लावला.

ओला होता... आणि कोमट. आत्ताच कुणी डोळे पुसल्यासारखा.