मडकं उलटं, नाव सरळ

टिंग!

‘आधी स्वतःचं तोंड उलटं करा’ असं ठणकावून मी कमेंट पाठवली आणि नेमका शेजारी बसलेल्या माणसाचा मोबाइल वाजला. योगायोग असेल म्हणून दुसरी पाठवली. पुन्हा टिंग! मी मान वळवली. तो स्क्रीनकडे बघून गालात हसत होता.

“तुम्ही...? खालापूरचा खवय्या?”

“मीच तो. साईराज,” तो म्हणाला. “पण तोंड उलटं कसं करायचं, तेवढं सांगा ना.”

खालापूरचा एसटी थांबा, जानेवारीची थंडी, मी मावशीकडून पोशीरला परत निघालेली... आणि कान रागानं तापलेले. कारण माझी रील! आमच्या शेतावर मी पोपटी सुरू करणार होते. वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन असं सगळं ओवा-मीठ लावून भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भरायचं आणि मडकं जाळात घालायचं, ती आमची पोपटी. हौसेनं मडक्यावर ‘पोशीरची पोपटी’ असं नाव रंगवलं. आता पोपटीचं मडकं जाळात उलटं ठेवतात, हे इकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण मडकं उलटं तर नावही उलटं! म्हणून फक्त कॅमेऱ्यापुरतं सरळ ठेवलं, जाळ केला आणि रील टाकली. झालं! अख्खा रायगड माझ्यावर तुटून पडला, आणि पहिली कमेंट या खवय्याची!

“हसता काय? तुमच्यामुळं एक बुकिंग येत नाय!”

“माझ्यामुळं? मी तर फक्त ‘ताई, असे वाल कच्चे राहतील’ एवढंच लिहिलं. बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचलंत?”

“ताई म्हणू नका मला.” छे! हे कसं निसटलं तोंडातून?

“नाही म्हणणार,” तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की मी एसटी येते का ते बघायला लागले. मेली एसटी कुठली यायला!

मग मीही नाव सांगितलं, नम्रता, आणि बोलणं वाढत गेलं. साईराज कर्जत-खालापुरातल्या दुकानांची इन्स्टाग्राम पेजेस सांभाळायचा. एक नर्सरी, दोन मिठाईवाले आणि एक ब्युटी पार्लर.

“पार्लर? तिथे तुमचं काय काम?”

“जळलात वाटतं?”

“मी? मी कशाला जळू!” ...थोडी जळलेच होते.

मग मी खरं काय ते सांगितलं. बाबांनी बजावलं होतं, “येक शनवार देतो तुला. मानसं आली तर बरं, नायतर शेत लग्नाच्या लॉनवाल्याला देऊन टाकनार.” जिथे मी वाल पेरले, तिथे दुसऱ्यांची स्टेजं उभी राहणार!  साईराज हसायचा थांबला.

“एका शनिवारचाच प्रश्न आहे ना? मी येतो,” तो म्हणाला.

आला की खरंच, दुसऱ्याच दिवशी. मी ती रील काढून टाकणार होते, तर त्यानं माझा हात धरला... आणि लगेच सोडला.

“काढू नका. शिव्या द्यायला का होईना, लोक थांबतात. आता त्यांनाच उत्तर द्या, नव्या रीलमधून.”

“माफी मागू? मी?”

“माफी नको. जे झालं ते सांगा. लोकांना खरं आवडतं.” मग हळूच, “आणि चिडलेली नम्रताही आवडते.”

बाई गं! मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

मग त्यानं नवं मडकं मांडीवर घेतलं आणि नाव उलटं रंगवायला बसला. जिभेचं टोक बाहेर, कपाळावर आठ्या. मी मडकं धरलं होतं. त्याचा कुंचला चार वेळा माझ्या बोटांवर आला. चारही वेळा चुकून, म्हणे!

“होय, चुकलं माझं,” मी रीलमध्ये म्हणाले. “नाव दिसावं म्हणून मडकं सरळ ठेवलं. आता मडकं उलटं, नाव सरळ. विश्वास नाय बसत? या मग शनवारी पोशीरला!”

खाली शेताचं लोकेशन आणि बुकिंगचा नंबर टाकला. काय सांगू, फोन थांबेचना! ज्यांनी झोडपलं, तेच मित्रांना घेऊन यायला निघाले.

शनिवारी संध्याकाळी बांधाला गाड्या लागल्या. साईराज लाइव्ह करत होता. बाबांनी तापल्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब जागीच सुकले. शिजली! मडकं फोडलं तसा ओव्याचा, पाल्याचा वास शेतभर पसरला. मी साईराजच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

“आधी खालापूरकरांनी चाखायचं. बोला, कच्चे आहेत?”

गरम शेंगेनं जीभ भाजली त्याची, तरी म्हणाला, “लोणी!”

बाबा पुढे आले. डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल... नसेलही. “पोरी, म्होरल्या शनवारी मडकी वाढव गं. लॉनवाल्याला नाय म्हनून सांगतो.”

मी उडीच मारली! पण वळून बघते तर साईराज हेल्मेट उचलत होता.

“चला, माझं काम झालं. पेज आता तुम्हीच सांभाळाल.”

 शेत राहिलं, पण हा चालला?

“थांबा! माझी ती पहिली रील... किती वेळा बघितली होतीत?”

“बऱ्याचदा.”

“मडकं सरळ आहे हे कळायला इतक्यांदा बघावी लागली?”

 तो माझ्याकडे बघत म्हणाला, “आधी मडकं दिसलंच नाही गं... तूच दिसलीस. मला आवडतेस तू, नम्रता.”

अगं आई! माझ्या हातातल्या मोबाइलवर लाइव्ह तर चालूच होतं! स्क्रीनवर नुसता बदामांचा पाऊस. काल शिव्या देणारे आज ‘हो म्हणा, हो म्हणा’ करत होते. मागे बाबा मोठ्यानं खोकले आणि उगाचच पाहुण्यांना वाढायला निघून गेले.

मी लाइव्ह बंद केलं. लोकांना वाल दाखवले, तेवढं पुरे. मग त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

“मलाही आवडतोस तू,” मी म्हणाले. “आता कुठं जायचं नाय. बस, जेव.”