सात नंबरच्या गाईचं रक्त

“हरणांना ताप येतो का?” ढब्बूने विचारलं आणि तपासाची पहिली बैठक तिथेच विस्कटली.

बैठक भरली होती गोठ्यामागच्या वैरणीच्या खोलीत. सगळ्यात उंच गठ्ठ्यावर ताई बसली होती. एक तर ती चौदा वर्षांची होती आणि दुसरं म्हणजे घर तिचं होतं. खाली तिची आतेबहीण शंका मांडीवर वही घेऊन बसली होती. शाळेत तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण प्रत्येक वाक्यावर ‘पण का?’ विचारणाऱ्या भाचीला मामाने, म्हणजे ताईच्या वडिलांनी, लहानपणीच शंका म्हणायला सुरुवात केली, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ढब्बू तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं दहा, भूक वर्षं वीस. सुट्टी लागताच दोघं मामाकडे आले होते ते ओढ्यात डुंबायला. येऊन पाहतात तर मामाने अंथरूण धरलेलं!

गेले तीन आठवडे मामाचा ताप लपंडाव खेळत होता. सकाळी मामा बरा असायचा. संध्याकाळ झाली की कणकण भरायची, घामाने चादर ओली व्हायची आणि सांधे असे दुखायचे की पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नसे. डॉक्टरीणबाईंनी तीनदा रक्त तपासलं, पण नेहमीच्या तापांपैकी एकही सापडेना. मग त्यांनी गोठ्याची चौकशी केली, कारण गाईंचा एक आजार माणसालाही होतो आणि गेल्याच महिन्यात मामाची एक गाय गाभडली होती, म्हणजे तिचं वासरू दिवस भरण्याआधीच मेलेलं जन्माला आलं होतं. तेव्हा मामाने मोठ्या ऐटीत गुरांच्या दवाखान्याचा कागद पुढे केला. अकराच्या अकरा गाई निरोगी! कागद पाहून बाईंनी तो विचार सोडून दिला. आता शुक्रवारी मामाला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं होतं. तिथे तरी काही कळेल की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं आणि मामी स्वयंपाकघरात पाठ फिरवून डोळे पुसत होती.

मामाचा संशय हरणांवर होता. गोठ्यामागच्या हौदावर ती पाणी प्यायला येत. बरा झालो की आधी त्यांना हाकलतो, असं तो रोज म्हणायचा.

शंकाने वहीत लिहिलं होतं: गाय गाभडली. गाई निरोगी. मामा आजारी. मामी, ताई ठणठणीत. हरणं उड्या मारतात. पाच ओळी, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसेना. तिने त्या खालून वर वाचल्या, वरून खाली वाचल्या. डोक्याचा नुसता भुगा झाला.

“कागद खोटा असेल,” ढब्बू म्हणाला.

“सरकारी शिक्का आहे त्यावर. तू गप्प बस,” ताई म्हणाली.

संध्याकाळी धार काढायची वेळ झाली तेव्हा शंका मामीला मदत करायला गोठ्यात गेली. दाराजवळ ‘गरीब’ उभी होती. अंगावर माशी बसली तरी शेपटी हलवायचा कंटाळा करणारी ही पांढरी गाय. तिच्या मानेवर फिकट जांभळा ठिपका होता.

मामीने सांगितलं, तो सुईचा ठिपका. गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर जिथे सुई टोचतात तिथे जांभळं औषध लावतात, जखम चिघळू नये म्हणून. त्यांची ती पद्धतच आहे.

शंका पुढच्या गाईकडे गेली. ठिपका नाही. तिच्या पुढचीला नाही. तिने पूर्ण रांग फिरून पाहिली. काळ्या गाईंवर ठिपका दिसला नसता हे खरं, पण पांढऱ्या सात होत्या आणि ठिपका एकीलाच!

“धुतला गेला असेल,” ताई म्हणाली. “आम्ही गाई धुतो गं.”

पण मग गरीबचा का नाही धुतला गेला? शंका पुन्हा गोंधळली. शेवटी प्रयोग करायचं ठरलं. ताईने घरातली जांभळ्या औषधाची बाटली आणली आणि दोन पांढऱ्या गाईंना एकेक ठिपका लावला. तिसरा ठिपका ढब्बूच्या नाकाला लागला. तो अपघात होता असं ताई अजूनही सांगते. दोन दिवस गाई आणि ढब्बू यांना साबणाने घासघासून धुण्यात आलं. गुरुवारी सकाळी तिन्ही ठिपके जागच्या जागी होते आणि ढब्बूचं नाक सोलून निघायच्या बेतात होतं.

म्हणजे बाकीच्या गाईंना सुई लागलीच नव्हती का? पण मग अकरा गाईंचा निकाल आला कुठून? शंकाने मामाच्या उशाखालचा कागद काढून आणला आणि वर रक्त काढल्याची तारीख वाचली. मागच्या आठवड्यातला सोमवार. त्या दिवशी ती आणि मामी मामाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या.

“म्हणजे गोठ्यात तुम्ही दोघंच होतात,” ती म्हणाली. “रक्त काढताना तुम्ही पाहिलं नाही?”

“आम्ही कुठले?” ढब्बू म्हणाला. “सात नंबर हरवली नव्हती का? दिवसभर ओढ्याकाठी काट्यांतून फिरलो. मंगळवारी सापडली ती.”

तिघांनी एकदमच कागदाकडे पाहिलं. सात नंबरच्या बिल्ल्यापुढे लिहिलं होतं: निरोगी.

दोन सायकलींवरून तिघं गुरांच्या दवाखान्यात पोचले. गुरांचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते आणि कंपाउंडरकाका बाजूला काचा धूत होते. वाटेत ताईने बजावलं होतं की मोठ्या माणसावर थेट आळ घ्यायचा नाही. म्हणून शंकाने आधी मामाच्या तब्येतीबद्दल सांगितलं आणि मग अगदी काळजीने विचारलं, “काका, आमची सात नंबर फार मारकी आहे. रक्त काढताना तुम्हाला लागलं नाही ना?”

“छे गं,” काका हसले. “हातात कसब लागतं. सात नंबर तर खांबासारखी उभी होती.”

“कुठे उभी होती?” ढब्बूने विचारलं. “ती त्या दिवशी हरवली होती.”

काकांच्या हातातली काच पाण्यात पडली. डॉक्टरांनी डोळा वर केला. उठून त्यांनी कपाटातली नोंदवही काढली आणि त्या पानावरचे अकरा आकडे बोटाने वाचत गेले. सगळे आकडे सारखेच होते, दशांश चिन्हापुढचेसुद्धा.

“हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?” ते पुटपुटले.

काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मागच्या वर्षी लाथ बसून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, तेव्हापासून त्यांना गोठ्यात शिरायची धास्ती वाटे. त्या दिवशी मदतीला कोणी नव्हतं. दाराशी गरीब गाय होती. एकीचंच रक्त त्यांनी अकरा बाटल्यांत भरलं. “एकाच गोठ्यातल्या, एकाच हौदाचं पाणी पिणाऱ्या,” ते म्हणाले. “वाटलं, एकीचं रक्त काय नि अकरांचं काय.” शंकाला त्यांचा राग आला, आणि त्या बरगड्यांमुळे वाईटही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, तेही तिला कळेना.

डॉक्टरांनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. शुक्रवारी मामाला शहरात हलवलं नाही. गाईंच्या त्या आजारासाठी त्याचं रक्त तपासायला पाठवलं आणि डॉक्टरांनी स्वतः उभं राहून अकराही गाईंचं रक्त काढून घेतलं. सात नंबरने काकांना एक लाथ दिली, पण हलकीच.

चार दिवसांनी निकाल आले. मामाला तोच आजार होता. गाभडलेली गाय आणि सात नंबर, दोघींनाही होता. मामाने मेलेलं वासरू उघड्या हातांनी ओढून काढलं होतं, शिवाय रोज पहाटे तो धारोष्ण दूध प्यायचा. बाकी सगळे दूध उकळून पीत, म्हणून ते वाचले. आणि ते वासरू मामाने ओढ्याकाठी झुडपात फेकलं होतं!

“आजार हरणांनी आणला म्हणता?” डॉक्टर मामाला म्हणाले. “आता हरणांनाच गाईंकडून झाला नाही ना, ते पाहावं लागेल. वनरक्षकांना मी कळवलंय. आणि तुमची भाची परीक्षेशिवाय पास. नऊ गाई आणि एक मामा वाचवलाय तिने.”

“आणि नाक माझं गेलं,” ढब्बू म्हणाला.

योग्य औषध सुरू झाल्यावर आठव्या दिवशी मामाला संध्याकाळी ताप आला नाही. औषध अजून पाच आठवडे घ्यायचं होतं, पण तो काठी टेकत गोठ्यात गेला. दोन खुंटे रिकामे होते. या आजारावर गाईंना औषध नसतं, म्हणून आदल्या दिवशी त्या दोघींना गाडीत चढवून कायमचं नेलं होतं आणि ताई रात्रभर रडली होती. मामा त्या खुंट्यांपाशी थांबला. शंकाही गुपचूप बाजूला जाऊन उभी राहिली. आपण चांगलं केलं की वाईट, हे तिला अजून धड कळत नव्हतं.

“मामा, माझ्यामुळे गेल्या ना त्या?”

मामाने तिचा हात धरला. त्याचा तळवा गार होता.

“दोन खुंटे रिकामे झाले, त्याचं वाईट वाटतंच,” तो म्हणाला. “पण तू त्या कागदावर विश्वास ठेवला असतास, तर घरातली माझी खाट रिकामी झाली असती. विचारत जा गं. मी चिडलो तरी विचारत जा.”